ट्रामची बातमी कळवायची तर...

हाय,

तुझा भलामोठा मेसेज काल रात्री वाचला. शेफिल्डला येऊन पहिलं सेमिस्टर संपायच्या आत तुला ट्रामचं वेड लागलं हे वाचून मला काय आनंद झाला सांगू, कारण आपल्या मराठी मंडळींत इथं ट्रेनवाले बऱ्यापैकी भेटतात पण ट्रामवाले फारच कमी. तू विचारलंयस की मावशी, इथली जुनी ट्रामवाली मंडळी कुठली ट्राम कुठं दिसली याची बातमी एकमेकांना एवढ्या पटकन कशी कळवतात आणि आपल्याला त्यांच्यात जागा मिळवायची तर काय करायचं. तुझं म्हणणं असं दिसतंय की सगळ्यात आधी सांगणारा जिंकतो. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगावं म्हणून हे पत्र.

बातमी कुणासाठी असते हे आधी बघ. ती अशा माणसासाठी असते ज्याला ती वाचून घरातून बाहेर पडायचंय. समज लीड्समध्ये एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, गुडघे दुखतात, तरी नवीन रंगातली ट्राम आली की त्यांना बघायचीच असते. ट्रेन पकडून शेफिल्डला यायचं का नाही हे ते तुझ्या एका ओळीवरून ठरवणार. तू लिहिलंस "आज सिटी सेंटरमध्ये भारी ट्राम दिसली" तर त्यांना काय कळलं? काहीच नाही. तेच तू लिहिलंस की ११४ नंबर, यलो रूट, मिडलवुडकडे जाताना, कॅथेड्रल स्टॉपला १०.४२ ला, आज शनिवार, तर त्यांना सगळं कळलं, कारण ती गाडी मिडलवुडला जाऊन उलटी फिरणार आणि मेडोहॉलकडे येणार, म्हणजे अंदाजे किती वाजता कुठं उभं राहायचं हे त्यांना घरबसल्या काढता येतं. नंबर, रूट, दिशा, जागा, वेळ. एवढं असलं की दोन शब्दांची बातमीही पुरते.

नंबरांची भीती वाटून घेऊ नकोस. शेफिल्डचं तर फारच सोपं आहे, १९९४ ला सिस्टिम सुरू झाली तेव्हाच्या सीमेन्सच्या २५ गाड्या म्हणजे १०१ ते १२५, आणि नंतर आलेल्या सिटीलिंक मॉडेलच्या ७, म्हणजे २०१ ते २०७. या सिटीलिंकमधल्याच काही गाड्या ट्राम-ट्रेन म्हणून रॉदरहॅमच्या पार्कगेटपर्यंत चक्क रेल्वेच्या रुळांवरून जातात, ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदा तिथंच झालं, २५ ऑक्टोबर २०१८ ला. कॅथेड्रलला उभा राहिलास तर सगळे रूट तुझ्यासमोरून जातात, त्यामुळं नवशिक्यासाठी याहून बरी जागा नाही. आमच्या मँचेस्टरला मात्र १४७ गाड्या, सगळ्या पिवळ्या, सगळ्या एकसारख्या एम-५००० मॉडेलच्या, कधी सिंगल तर कधी डबल जोडून धावतात, तिथं कॉर्नब्रुक स्टॉपला जाऊन उभं राहायचं, दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बहुतेक लाइनी तिथूनच फुटतात. डबल असेल तर दोन्ही नंबर टिपायचे, पुढचा कुठला मागचा कुठला तेही.

आणि नंबरात कधीकधी इतिहास दडलेला असतो बघ. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला २००० साली ट्राम सुरू झाली तेव्हा पहिल्या गाडीला १ नंबर द्यायचा की नाही? नाही दिला. २५३० पासून सुरुवात केली. का, तर लंडनच्या जुन्या ट्रामचा सगळ्यात मोठा नंबर होता २५२९, आणि त्या ट्राम १९५२ च्या जुलैमध्ये बंद पडल्या होत्या. मधे ४८ वर्षं गेली, कंपन्या बदलल्या, तरी कुणीतरी ऑफिसात बसून म्हणालं असेल की आपण पुढचा नंबर घेऊ. मला ही गोष्ट फार आवडते, क्रॉयडनला गेले की २५३० ची एखादी तरी भावंडं दिसतील म्हणून मी मुद्दाम थांबते.

आता खरा मुद्दा. पाहिलेलं आणि ऐकलेलं यातला फरक कधीही मिटू द्यायचा नाही. "मी पाहिलं", "मला सांगितलं", "मला वाटतंय" ही तीन वाक्यं वेगळी ठेवायची, आणि घाईत नेमका हाच फरक पहिल्यांदा गळतो. ब्लॅकपूलचं उदाहरण घे. तिथं नॉर्थ स्टेशनपर्यंतचा छोटासा फाटा बांधला, टॅलबट रोडवर रूळ पडले, आणि मग मंडळी वाट बघत बसली, वर्षं गेली. दरम्यान आता सुरू होणार, पुढच्या महिन्यात होणार, असं कितीदा ऐकलं असेल. प्रत्यक्षात प्रवासी घेऊन पहिली ट्राम गेली १६ जून २०२४ ला. रूळ दिसले म्हणजे ट्राम सुरू झाली असं नसतं रे, रुळानंतर ओव्हरहेड वायर येते, मग त्यात करंट सोडतात, मग एक गाडी अगदी हळूहळू नेऊन बघतात की कुठं घासत तर नाही ना, मग टेस्ट रन, मग ड्रायव्हरांचं ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी आपण. यातला प्रत्येक टप्पा ही स्वतंत्र बातमी आहे आणि लोकांना प्रत्येक टप्पा हवा असतो. म्हणून "ट्राम सुरू झाली" असं न लिहिता "आज पहिल्यांदा गाडी पाहिली, रिकामी होती, आत पिवळ्या जॅकेटमधली माणसं होती" असं लिही, बाकीचं जाणकार बरोबर ओळखतात.

एडिनबराच्या न्यूहेवन एक्स्टेन्शनच्या वेळी (सुरू झालं ७ जून २०२३ ला) ज्यांनी असं टप्प्याटप्प्यानं लिहून ठेवलं त्यांच्या नोंदी आज वाचल्या तर पूर्ण काम डोळ्यासमोर उभं राहतं. त्याच कामासाठी यॉर्क प्लेसचा स्टॉप गेला. २०१४ ला उघडला, २०२२ च्या फेब्रुवारीत कायमचा बंद. आठ वर्षंसुद्धा नाही! ते शेवटचं स्टेशन होतं, सगळ्या गाड्या तिथंच उलट्या फिरायच्या, त्यामुळं लोकांनी गाड्यांचे फोटो ढिगानं काढले, पण त्या स्टॉपचा, त्याच्या पाटीचा, पलीकडच्या फूटपाथवरून दिसणाऱ्या नुसत्या रिकाम्या प्लॅटफॉर्मचा फोटो शोधायला गेलं की हाती फारसं काही लागत नाही. मँचेस्टरच्या मोझली स्ट्रीटचंही तसंच, २०१३ ला गेला तो स्टॉप. म्हणून सांगते, स्पेशल रंगाच्या गाडीमागं धावताना साधी गाडी, साधा स्टॉप, वेळापत्रकाचा कागद, हेही टिपत जा. आज त्याला कुणी विचारणार नाही. बातमी म्हणून ते फुकट आहे, नोंद म्हणून नाही.

वेळेवर कळलेल्या बातमीनं काय होऊ शकतं याची मला माहीत असलेली सगळ्यात मोठी गोष्ट १९४८ ची. लाइट रेल्वे ट्रान्सपोर्ट लीग म्हणून ट्रामप्रेमींची संस्था, १९३७ पासूनची, आजही वेगळ्या नावानं चालू आहे. त्यातली काही मंडळी साउथॅम्प्टनला टूरला गेली. तिथली ट्राम बंद व्हायच्या वाटेवर. ४५ नंबरची एक उघड्या टपाची गाडी, बारगेट ही तिथली जुनी वेस आहे तिच्या कमानीखालून जाता यावं म्हणून मुद्दाम बुटकी बांधलेली, ती भंगारात जाणार हे या लोकांना तिथल्या तिथं कळलं आणि त्यांनी ती १० पौंडाला विकत घेतली. ठेवायला जागा नाही, पुढं काय करायचं माहीत नाही, पण घेतली. त्यातूनच पुढं डर्बीशरमधलं क्रिचचं नॅशनल ट्रामवे म्युझियम उभं राहिलं, एका जुन्या दगडखाणीत. पंधरा दिवस उशिरा कळलं असतं तर? बर्मिंगहॅम १९५३, लिव्हरपूल १९५७, लीड्स १९५९, तुझं शेफिल्ड १९६०, ग्लासगो १९६२, एकामागून एक शहरं बंद पडत होती, आणि कुठली गाडी कधी मोडीत निघणार हे ज्याला आधी कळलं त्यालाच काही वाचवता आलं.

ही माहिती बऱ्याचदा आतल्या माणसाकडून यायची, आजही येते. डेपोतला फिटर, ड्रायव्हर, ट्रॅकवर काम करणारे. तुझ्याशी ते बोलायला लागतील, शेफिल्डचे लोक बोलके आहेत. पण जे विश्वासानं सांगितलं ते विश्वासातच ठेवायचं, कारण तुझ्या एका ओळीपायी त्याची नोकरी धोक्यात येऊ शकते आणि तुझं काहीच जात नाही. ड्रायव्हरचं नाव, चेहरा, शिफ्ट, हे कधीही नाही. "डेपोतून कळलं" असंसुद्धा लिहू नकोस, छोट्या सिस्टिममध्ये एवढ्यावरून माणूस सापडतो.

आणि अपघात. याबद्दल मी जरा कडक आहे. ९ नोव्हेंबर २०१६ ला सकाळी क्रॉयडनला सँडिलँड्सजवळच्या वळणावर ट्राम उलटली, ७ माणसं गेली. अशा वेळी आपल्याला गाडीचा नंबर माहीत असतो, वळणाचा स्पीड माहीत असतो, आणि जीभ शिवशिवते. नाही बोलायचं. तपास करायला रेल्वे अपघातांची वेगळी तपास शाखा आहे, तिचा अंतिम रिपोर्ट यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला, आणि तो वाचलास तर कळेल की किती गोष्टी एकात एक गुंतलेल्या होत्या. त्या दिवशी लोकांच्या कामाची बातमी एकच होती, कुठली लाइन बंद आहे आणि पर्यायी बस कुठून. तेवढंच कळवावं. २०२१ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या ट्रामना तडे सापडले आणि सगळी सेवा थांबली तेव्हाही माझं हेच मत होतं: काय बंद आहे ते लगेच सांगा, का बंद आहे ते ज्यांनी तपासलंय त्यांना सांगू दे.

उभं कुठं राहायचं हेही सांगते, कारण तुझ्या आईला मी शब्द दिलाय. ट्राम आवाज करत नाही, बाजूला होऊ शकत नाही, आणि रस्त्यावर ती सिग्नलपेक्षा ड्रायव्हरच्या नजरेवर चालते. तू रुळाच्या कडेला कॅमेरा घेऊन वाकलास की तो बिचारा घंटा वाजवून ब्रेक मारणार आणि आत उभी असलेली म्हातारी माणसं पडणार. फ्लॅश नाही. भगवं-पिवळं चमकणारं जॅकेट घालून रुळाजवळ फिरायचं नाही, ड्रायव्हरला वाटतं स्टाफ आहे. डेपोचं गेट उघडं दिसलं तरी आत नाही.

वही ठेव, फोनवर नको, साधी वही. माझ्या नात्यात एका घरी मुंबईच्या ट्रामचा फोटो आहे, डबलडेकर, माणसं लोंबकळतायत, आणि मागं काहीच लिहिलेलं नाही. कुठला रूट, कुठलं साल, कोण कुठं निघालंय. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तो फोटो काढणारे आता नाहीत, आता कुणाला विचारणार? नुसती तारीख आणि जागा पेन्सिलीनं लिहायला किती वेळ लागला असता.

क्रिचला अजून गेला नसशील तर उन्हाळ्यात जाऊ, हिवाळ्यात ते बंद असतं. शेफिल्डच्या बऱ्याच गाड्या तिथं आहेत. १५ नंबरची घोड्याची ट्राम आहे, १८७४ ची, म्हणजे मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली त्याच वर्षीची. आणि ५१० आहे, ऑक्टोबर १९६० मधल्या शेवटच्या फेरीसाठी चित्रं काढून सजवलेली, ती बघताना लक्षात ठेव की ती गाडी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. आत शिरताना एक जुनी पेनी देतात, ती कंडक्टरला द्यायची आणि मग दिवसभर ट्राममध्ये बसायचं. व्हॉटस्टँडवेल स्टेशनवरून चालत जाता येतं पण चढ चांगलाच आहे, बूट नीट घाल. परीक्षा कधी संपते ते कळव म्हणजे तारीख ठरवू.

तुझी,
मावशी