ओटी की पडवी?

दापोलीच्या एका वाचकाने विचारले आहे, की होमस्टेच्या आरक्षणाचे ॲप मराठीत करताना लॉगिनपूर्वीच्या पानाला 'पडवी' म्हणावे की 'ओटी', आणि घराचे शब्द असे उसने घ्यावेत का.

उसने घेण्याची वाट जुनी आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात २५३ रचनाबंध (बांधकामात पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणींवरचे ठरावीक तोडगे) मांडले आणि पुढच्या दशकात प्रोग्रामरांनी ती पद्धत उचलली. त्यांतला १२७वा बंध सांगतो, की घरातील जागा प्रवेशापासून सर्वांत खासगी भागापर्यंत क्रमाने लागाव्यात, म्हणजे परका आणि आप्त यांना आपापल्या ठिकाणी संकोच न वाटता थांबता येते.

कोकणी घरात हा क्रम अंगण, पडवी, ओटी, माजघर असा लागतो. पडवी ही छपराचा उतार पुढे वाढवून केलेली, बहुधा ओटीहून पायरीभर खालची जागा. तेथे कामाचे सामान ठेवतात आणि निरोप्या निरोप देऊन परत जातो. ओटीवर मात्र आल्यागेल्याला बसवतात, पाणी विचारतात, आणि कामाचे बोलणे त्यानंतर निघते. म्हणून खोल्या, दर आणि रिकाम्या तारखा निवांत पाहू देणारे पान असेल तर 'ओटी', नुसती चौकशीची सोय असेल तर 'पडवी', आणि जुनी आरक्षणे असलेल्या खात्याला 'माजघर' शोभेल. ॲप उघडताच मोबाइल क्रमांक मागणार असाल, तर 'ओटी' हे नाव त्या पानाला देऊ नये, कारण पाणी विचारण्याआधी नावगाव विचारणे ओटीच्या रीतीत बसत नाही. (शिवाय शेजारी 'ओटीपी' आला, की वाचणाऱ्याचा घोटाळा ठरलेला.)

एक सावधगिरी मात्र हवी. कोणाला अंगणातच थांबवायचे आणि कोणाला ओटीवर घ्यायचे हे पूर्वी जात पाहून ठरत असे. तेव्हा साध्या ग्राहकाला पडवी आणि जादा पैसे भरणाऱ्याला ओटी, अशी वाटणी कदापि करू नये.

बटणांवरचे प्रत्ययही सांभाळावेत. ओटी उंचावर असल्याने तिला 'वर' लागतो, पडवी-माजघराला 'त'. म्हणून 'ओटीवर परत या' आणि 'माजघरात जा' असे लिहावे, 'ओटीत जा' असे नव्हे.