टिशियनचे ‘बॅकस आणि अॅरिअॅड्नी’ पाहताना

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील हे चित्र (१५२०–२३) पाहताना कथा क्रमाने शोधू नका, कारण इटालियन चित्रकार टिशियनने आधीचे आणि नंतरचे एकाच क्षणात आणले आहे. डावीकडे क्षितिजावर प्रेयसी अॅरिअॅड्नीला सोडून जाणाऱ्या ग्रीक वीर थीसियसचे इवलेसे जहाज निघाले आहे, त्या दिशेने हात केलेली राजकन्या अॅरिअॅड्नी दचकून मागे वळली आहे, आणि वर आकाशात, मद्यदेव बॅकस पुढे तिच्यासाठी घडवणार असलेला ताऱ्यांचा मुकुट आधीच चमकतो आहे. तिला पाहून प्रेमात पडलेला बॅकस रथातून झेपावला आहे. माझ्या मते सारे चित्र त्या एका उडीवर तोललेले आहे. रथाचे चित्ते मात्र त्या गदारोळात निवांत उभे आहेत, तेही निरखून पाहावेत. निळ्या रंगाची पारख छापील प्रतीवरून करू नये. तो लाजवर्द दगडापासून बनवलेला, त्या काळी फार महाग असलेला रंग आहे.