क्रियापद आधी आणा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला लागली आहेस, तर मुलांकडून पदार्थाची कृती इंग्रजीत लिहून घेण्याबद्दल एक सांगते. पिझ्झा बाजूला ठेव, चहापासून सुरुवात कर. पोरांनी तो हातानं केलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं.

खरी अडचण क्रियापदाची. मराठीत ते शेवटी, कन्नडातही शेवटी. म्हणून दोन्ही भाषा बोलणारं आपलं पोरही ‘मिल्क इन द पॅन पोअर’ असंच लिहितं. प्रत्येक ओळ क्रियापदानं सुरू करायला लाव: ‘पोअर द मिल्क इनटू द पॅन.’ ओत, ओता, ओतावे या तिन्हींना इंग्रजीत एकच ‘पोअर’, आणि कृतीत तो उद्धट वाटत नाही, हेही सांग. मुलं हमखास विचारतात.

दुसरं, आपलं ‘-ऊन’. ‘आलं ठेचून, पाण्यात घालून उकळा’ हे मराठीत एका दमात येतं. इंग्रजीत त्याच्या तीन पायऱ्या करायला लाव: क्रश, ॲड, बॉइल. ‘साखर विरघळेपर्यंत’ला ‘अन्टिल द शुगर डिझॉल्व्ज’. पोरं तिथं ‘विल’ घालतात, तो खोडायचा.

साहित्य आणि मापं वर लिहिणं लवकर जमतं.

मग वह्यांची अदलाबदल कर. एकानं वाचायचं, लिहिलंय तेवढंच दुसऱ्यानं करायचं. माझ्या वर्गात एकीनं गाळायचं लिहिलंच नव्हतं. मैत्रिणीनं चोथ्यासकट कप पुढे केला. ‘स्ट्रेन द टी’ ही ओळ मग तिनं स्वतःच घातली. बेळगावची मिठाई, कुंदा, त्यानंतर घे. दूध आटेपर्यंत हलवत राहावं लागतं, ‘कीप स्टरिंग’ तिथं पक्कं होतं.