व्हेरियन्स काढताना एनने भागायचं की एन−१ने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुस्तकातल्या व्हेरियन्सच्या सूत्रात (प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करायची, फरकांच्या वर्गांची बेरीज घ्यायची आणि भागायची; आकड्यांच्या पसाऱ्याचं हे माप) खाली एन, म्हणजे आकड्यांची संख्या, आहे, सरांनी वहीत एन−१ लिहून दिलंय, कॅल्क्युलेटरवर दोन्ही बटणं आहेत, आणि कुणीतरी सांगितलंय की सॅम्पल (मोठ्या समूहातून काढलेले थोडे आकडे) ३० च्या वर असेल तर एन, खाली असेल तर एन−१. परीक्षेत काय लिहायचं?

परीक्षेचं नंतर बघू. आधी त्या ३० चा निकाल लावतो, कारण याच मुद्द्यावर माझा एका सहकाऱ्याशी जुना वाद आहे आणि तो माणूस अजूनही वर्गात हेच शिकवतो. एन की एन−१ याचा सॅम्पलच्या आकाराशी काहीही संबंध नाही. प्रश्न दोनच विचारायचे: वजाबाकीत वापरलेली सरासरी आधीपासून माहीत होती, की याच आकड्यांतून काढली? आणि आकडे फक्त स्वतःपुरते बोलतायत, की त्यांच्या आडून मोठ्या समूहाबद्दल काही म्हणायचंय?

पाठांतर नको असेल तर हे एकदा हाताने करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. डब्यात तीन चिठ्ठ्या: २, ४, ६. सरासरी ४. खरा व्हेरियन्स (४+०+४)/३, म्हणजे २.६७. ही झाली पॉप्युलेशन, म्हणजे सगळा समूह, इथे एनने भागण्यावर कुणाचं दुमत नाही. आता एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, पुन्हा काढा. दोन आकड्यांचं सॅम्पल मिळालं. अशा नऊ जोड्या होऊ शकतात आणि सगळ्या सारख्याच शक्यतेच्या. प्रत्येक जोडीसाठी तिच्या स्वतःच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज काढा. (२,२), (४,४), (६,६) यांची शून्य. (२,४), (४,२), (४,६), (६,४) यांची प्रत्येकी २. (२,६) आणि (६,२) यांची प्रत्येकी ८. एकूण २४, नऊ जोड्यांवर सरासरी २.६७.

प्रत्येक बेरजेला एन−१ने, म्हणजे इथे १ने, भागलं तर नऊ उत्तरांची सरासरी २.६७, म्हणजे नेमका खरा व्हेरियन्स. एनने, म्हणजे २ने, भागलं तर १.३३. थेट निम्मा.

आता सरासरी ४ आहे हे आधीच माहीत आहे असं धरा आणि फरक जोडीच्या सरासरीपासून न घेता ४ पासून घ्या. (२,४) ची बेरीज आता २ नाही, ४ येते. (२,२) ची शून्य नाही, ८. नऊही जोड्यांची बेरीज ४८, सरासरी ५.३३, आणि तिला २ने भागलं की पुन्हा २.६७. सॅम्पल तेच, आकार तोच दोन, आणि इथे एनच बरोबर! ३० चा नियम धरून बसणाऱ्याला ही ओळ दाखवा.

कारण साधं आहे. कुठल्याही आकड्यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज त्यांच्या स्वतःच्या सरासरीपाशी सगळ्यात कमी असते. सॅम्पलची सरासरी त्याच सॅम्पलमधून येते, म्हणून ती त्या आकड्यांना खऱ्या सरासरीपेक्षा जवळची पडते आणि पसारा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. किती कमी? सॅम्पलची सरासरी आणि खरी सरासरी यांतल्या फरकाचा वर्ग गुणिले एन, तेवढा. (२,४) मध्ये सरासरी ३, खरी ४, फरक १, म्हणून २ गुणिले १, म्हणजे २: बरोबर ४ आणि २ मधला फरक. हा तुटवडा सरासरीने एका व्हेरियन्सइतका भरतो. त्यामुळे बेरजेत एन व्हेरियन्सऐवजी एन−१च उरतात. सगळी भानगड एवढीच.

म्हणजे एनने भागल्यावर उत्तर (एन−१)/एन या पटीत खाली येतं, आणि ही पट ३० पाशी काही उडी मारत नाही. स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये, म्हणजे व्हेरियन्सच्या वर्गमुळात, मोजलं तर दोन्ही उत्तरांत एन २ असताना ४१ टक्के फरक, ५ असताना जवळपास १२ टक्के, ३० असताना १.७ टक्के. ३० ला फरक छोटा होतो, म्हणून सूत्र बदलत नाही. बहुधा गोंधळ टी-टेबलमुळे (सरासरीबद्दलचा दावा तपासायच्या टी-टेस्टच्या हद्दींचा तक्ता) होतो: छापील टेबलं ३० पर्यंत एकेक ओळ देतात आणि मग उड्या मारत जातात. २९ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (मोकळे उरलेले फरक, ३० आकड्यांना २९) ९५ टक्क्यांचा आकडा २.०४५, नॉर्मल वितरणाचा १.९६. 'यापुढे नॉर्मल वापरला तरी भागतं' ही सवय तिथली. ती भाजकावर आणून चिकटवायचं कारण नाही.

'डिग्रीज ऑफ फ्रीडम एकने कमी होतात म्हणून एन−१' हे उत्तर मला पटत नाही. खोटं नाही, पण मंत्रासारखं आहे. १२, १५, ११, १४, १८ घ्या. सरासरी १४, फरक −२, १, −३, ०, आणि पाचवा न बघताही ४ असणार, कारण बेरीज शून्य व्हायलाच हवी. ठीक. पण यावरून चारानेच का भागायचं हे कळत नाही, ते वरच्या चिठ्ठ्यांनी कळतं. या शब्दाचा खरा उपयोग पुढे होतो: रिग्रेशनमध्ये (डेटाला सरळ रेषा बसवताना) उतार आणि छेद असे दोन आकडे डेटातून काढता, म्हणून एन−२. दोन सॅम्पलचा एकत्रित व्हेरियन्स काढताना दोन सरासऱ्या काढता, म्हणून दोन्ही आकारांच्या बेरजेतून २ वजा. जेवढे आकडे डेटातून काढले तेवढे वजा.

मार्क जातात ते सहसा व्हेरियन्समध्ये नाही, त्याच्या पुढच्या पायरीवर. वरचेच पाच आकडे. वर्गांची बेरीज ३०. एनने भागून ६, वर्गमूळ २.४४९. एन−१ने भागून ७.५, वर्गमूळ २.७३९. आता सरासरीची स्टँडर्ड एरर, म्हणजे सॅम्पलची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हलू शकते ते. २.७३९ भागिले √५ केलं तर १.२२५. २.४४९ भागिले √४ केलं तरी १.२२५. दोन्ही वाटा बरोबर आहेत, म्हणूनच काही पुस्तकांत टी-टेस्टच्या सूत्रात √एन दिसतो आणि काहींत √(एन−१). पुस्तकं भांडत नाहीत, त्यांची एसची (सॅम्पलच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची) व्याख्या वेगळी आहे. चूक होते ती एका पुस्तकातला एस आणि दुसऱ्यातलं वर्गमूळ घेतल्यावर. २.७३९ भागिले २ केलं की दुरुस्ती दोनदा होते, १.३६९ येतं. २.४४९ भागिले √५ केलं की एकदाही होत नाही, १.०९५ येतं.

याने निर्णय फिरतो. समजा दावा आहे की खरी सरासरी १०.८. टी म्हणजे सॅम्पलची सरासरी आणि दावा यांतला फरक भागिले स्टँडर्ड एरर. बरोबर टी = ३.२/१.२२५ = २.६१. चार डिग्रीजला दोन्ही बाजूंची ५ टक्के हद्द २.७७६, म्हणजे दावा नाकारता येत नाही. दुरुस्तीच न केलेल्या १.०९५ ने टी २.९२ येतो आणि दावा उडतो. फक्त बटण चुकलं म्हणून.

टी-टेस्टचं मूळ ज्याच्याकडे जातं त्या गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने जो लेख छापला, त्यात त्याने स्वतः एनने भागलेला एसच वापरला होता. एन−१ आणि टीचं आजचं रूप संख्याशास्त्रज्ञ फिशरमुळे रुळलं. म्हणजे दोन्ही पद्धती जुन्याच आहेत, फक्त मिसळायच्या नाहीत.

कॅल्क्युलेटरवर सिग्मा एक्स किंवा सिग्मा एन म्हणजे एन, आणि एस एक्स किंवा सिग्मा एन−१ म्हणजे एन−१. एक्सेलमध्ये 'स्टडेव्ह डॉट पी' एनचं, 'स्टडेव्ह डॉट एस' एन−१चं. जुनं नुसतं 'स्टडेव्ह' तेही एन−१चंच. आर या सॉफ्टवेअरमध्ये व्हार आणि एसडी दोन्ही एन−१, तिथे पर्यायच नाही. पायथनमध्ये मात्र सांभाळा: नम्पाय न सांगता एनने भागतं, पँडाज न सांगता एन−१ने. एकाच डेटाची एकाच फाइलमध्ये दोन उत्तरं येतात आणि मुलं कोडमधली चूक शोधत बसतात. नम्पायमध्ये 'डीडीओएफ' १ द्या, जुळेल. नवीन यंत्र किंवा सॉफ्टवेअर हातात आलं की १ आणि ३ एवढे दोनच आकडे टाकून स्टँडर्ड डेव्हिएशन मागा. १ आलं तर एन, १.४१४ आलं तर एन−१. माहितीपुस्तिका उघडायची गरज नाही.

मग एकच आकडा टाकून बघा. एनवालं फंक्शन शून्य सांगेल, जणू पसाराच नाही. एन−१वालं उत्तर द्यायला नकार देईल. एका आकड्यावरून पसारा कळत नाही, त्यामुळे नकार देणारंच प्रामाणिक.

आता परीक्षा. 'खालील आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा' एवढंच म्हटलं असेल, किंवा वर्गवारीचं टेबल देऊन विचारलं असेल, तर एन (टेबलात सगळ्या वारंवारितांची बेरीज, गटांची संख्या नाही, ही चूक दरवर्षी होते). 'सॅम्पल', 'अंदाज', 'अनबायस्ड' (सरासरीने खरं उत्तर देणारा), कॉन्फिडन्स इंटरव्हल, टी-टेस्ट यांपैकी काही दिसलं तर एन−१. वर्गातल्या ६० जणांचे मार्क दिलेत आणि फक्त त्या वर्गाबद्दल विचारलंय तर एन. त्याच ६० जणांवरून पुढच्या बॅचेसबद्दल बोलायचं असेल तर एन−१. आकडे तेच, प्रश्न वेगळा. आणि सूत्र आधी लिहून मग आकडे भरा, म्हणजे तपासणाऱ्याला तुम्ही कुठला एस घेतला ते दिसतं.

काही पुरवण्या, नाहीतर कुणीतरी येऊन टोकेलच. चिठ्ठी परत न टाकता काढली तर सहाच जोड्या उरतात आणि एन−१ने भागलेल्या उत्तरांची सरासरी २.६७ नाही, ४ येते. चार म्हणजे पॉप्युलेशनच्याच ८ ला तीनऐवजी दोनाने भागल्यावर येणारा आकडा. सॅम्पल सर्व्हेच्या पुस्तकांत पॉप्युलेशनलाही एक वजा करून भागतात ते यासाठी. दुसरं, एन−१ने व्हेरियन्स सरासरीने बरोबर येतो, स्टँडर्ड डेव्हिएशन नाही. वरच्या नऊ जोड्यांची एन−१वाली वर्गमुळं घ्या, सरासरी १.२६ येते आणि खरं उत्तर १.६३. वर्गमूळ घेतलं की अनबायस्डपणा गेला. तिसरं, अनबायस्ड म्हणजे सर्वोत्तम असंही नाही. नॉर्मल डेटाला मॅक्झिमम लाइकलिहूड (मिळालेला डेटा ज्या उत्तराने सगळ्यात शक्य ठरतो ते निवडायची पद्धत) एनच देतं, आणि सरासरी वर्ग-चूक (खऱ्या उत्तरापासूनच्या फरकाच्या वर्गाची सरासरी) सगळ्यात कमी हवी असेल तर चक्क एन+१ने भागावं लागतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या त्या सहकाऱ्याला भारी आवडतं. एन−१ काही पवित्र नाही, हे सिद्ध झालं म्हणतो. झालंच. पण एन+१ सुद्धा सगळ्या आकारांना सारखाच लागू होतो, त्यातही ३० कुठेच नाही.