महागडा बेस आणि खारी हवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (रत्नागिरी) : लग्नसमारंभात आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. सध्या साधा चार तारांचा जॅझ बेस आहे. आता एकदाच काय तो खर्च करून सॅडोव्स्की, फोडेरा किंवा अलेम्बिक या कंपन्यांपैकी एकीचा घ्यायचा विचार आहे. आवाजात खरंच इतका फरक असतो का? कोणता घ्यावा?

उत्तर : फरक असतो, पण ही तीन नावं एका रांगेत बसणारी नाहीत.

सॅडोव्स्की म्हणजे मुळात फेंडर कंपनीचा जॅझ बेसच, पण प्रत्येक सांधा मन लावून केलेला. नेक (दांडा) बोल्टने जोडलेला, बॉडी अल्डर किंवा ॲशच्या लाकडाची, आत प्रीअँप (बॅटरीवरचं आवाज घडवणारं सर्किट). हा प्रीअँप फक्त चढवतो, उतरवत नाही : खालचा भाग 40 हर्ट्झच्या आसपास आणि वरचा 4 किलोहर्ट्झच्या आसपास. दोन्ही नॉब शून्यावर असले की पिकअपचा (तारेची थरथर टिपणाऱ्या चुंबकाच्या पट्टीचा) मूळ आवाज मिळतो. मधल्या पट्टीला हात लागत नाही, त्यामुळे कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकीच्या गर्दीतही सूर कळतो. एक खबरदारी मात्र घ्या. 40 हर्ट्झ भरपूर चढवलेत तर भाड्याच्या टॉप स्पीकरमधून ते ऐकू येत नाहीच, वर ॲम्पची ताकद त्यात जाते आणि स्पीकरचा पडदा नुसता फडफडतो. सबवूफर नसेल तर तो नॉब पाव भागाच्या पुढे नेऊ नका.

अलेम्बिक हे वेगळंच प्रकरण. कॅलिफोर्नियात 1969 साली सुरू झालेल्या या मंडळींनी कमी इंपिडन्सचे (कमी विद्युत अवरोधाचे) पिकअप आणि बेसच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स यांवर सगळा डोलारा उभा केला. नेक सलग, बॉडीच्या आरपार जाणारा. त्यांचा टोनचा नॉब साध्या बेससारखा नुसता ट्रेबल कापत नाही. तो फिल्टर आहे, कापण्याची जागा वर-खाली सरकवतो, आणि स्विच टाकला की नेमकी त्या जागेची पट्टी उचलून धरतो. स्टुडिओत हे सोनं आहे. पण त्यांच्या वरच्या श्रेणीच्या बेसना वीज पुरवायला वेगळी पेटी आणि पाच पिनांची केबल लागते. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात ती पेटी आणि ती एकमेव केबल सांभाळत बसणं आम्हाला तरी परवडणारं वाटत नाही. वजनही खांद्याला जाणवेल इतकं.

फोडेरा 1983 पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बनतो. पाच आणि सहा तारांचं काम ही त्यांची खरी ओळख. बेसवादक अँथनी जॅक्सन यांच्या सहा तारांच्या बेसला 36 इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आहे, यावरून ही मंडळी किती मागणीनुसार काम करतात ते कळावं. सलग नेक आणि बोल्टचा नेक, दोन्ही मिळतात. तुम्ही बोल्टचा मागा : ठोक्याची सुरुवात जास्त टोकदार येते, आणि पुढेमागे नेकला काही झालं तर तो सुटा करून दुरुस्तीला पाठवता येतो.

आता तुलना कशी करायची ते, कारण फसगत इथेच होते. दोन बेस शेजारी ठेवून वाजवले तर ज्याचा आवाज किंचित मोठा तोच चांगला वाटतो. ॲक्टिव प्रीअँपवाला बेस बहुधा मोठा वाजतो. म्हणून आधी दोन्हींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा चढवा. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारेची उंची सारखी करा : जाड ई तारेखाली 2.5 मिलिमीटर, जी तारेखाली 2. ॲम्प बाजूला ठेवून डीआय बॉक्समधून (बेस थेट रेकॉर्डिंगला जोडणारी छोटी पेटी) थेट रेकॉर्ड करा, सगळे नॉब मध्यावर किंवा शून्यावर. मग रेकॉर्डिंगची पातळी समान करून एखाद्या गाण्याच्या ढोलकीच्या ट्रॅकखाली ऐका. एकटा वाजताना मखमली वाटणारा बेस ढोलकीखाली कित्येकदा गायब होतो.

आवाज घडवण्यात पहिला वाटा हाताचा आणि तारेचा, दुसरा पिकअप कुठे बसवला आहे त्याचा. सत्तरच्या दशकातल्या जॅझ बेसचा ब्रिजकडचा (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या बाजूचा) पिकअप साठच्या दशकातल्यापेक्षा सुमारे 10 मिलिमीटर ब्रिजच्या जवळ आहे, आणि एवढ्यावरच आवाज कडक होतो. वरचं शोभिवंत लाकूड या रांगेत शेवटी उभं आहे. डोळ्यांसाठी घ्यायचं तर जरूर घ्या, कानासाठी म्हणून त्याचे वेगळे पैसे मोजू नका. तुमच्या कामाला सॅडोव्स्की घराण्याचा बोल्ट नेकवाला बेस योग्य. सॅडोव्स्कीच हवा असंही नाही, त्या पद्धतीचं काम करणारे दुसरे कारागीरही आहेत.

प्रश्न (अलिबाग) : पाच तारांचा बेस घ्यायचा आहे. हात लहान आहेत. दुकानदार म्हणतो 35 इंचच घ्या, नाहीतर जाड बी तार ढिली पडते. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. सर्वांत खालची बी तार साधारण 31 हर्ट्झवर वाजते. स्केल 34 वरून 35 इंच केली की तोच सूर लावायला सुमारे 6 टक्के जास्त ताण लागतो, म्हणून तार घट्ट वाटते. हाताचं गणितही पाहा. नटपासून (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर 34 इंची बेसवर 178 मिलिमीटर, 35 इंचीवर 183. फरक पाचच मिलिमीटरचा, पण तीन तास पहिल्या चार फ्रेटमध्ये वाजवायचं असेल तर मनगट तो मोजतं.

34 इंचांवर 0.130 इंच जाडीची बी तार लावा. ब्रिजपाशी निमुळती होणारी मिळाली तर उत्तम. नटची खाच तारेच्या मापाची हवी. सैल खाचेत तार लडबडते आणि दोष मात्र स्केलला दिला जातो. डिंगवॉल कंपनीचे तिरप्या फ्रेटचे बेस जाड तारेला 37 आणि बारीक तारेला 34 इंच देतात, बी तार त्यावर फारच स्पष्ट लागते. पण लहान हाताला पहिला फ्रेट दूर जातो. दुकानात बसून नव्हे, पट्टा लावून उभं राहून अर्धा तास वाजवल्याशिवाय तो घेऊ नका.

उभं राहिलात की आणखी एक गोष्ट कळेल. हात सोडल्यावर नेक खाली झुकतो का? बॉडीचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पोचत नसेल तर बहुधा झुकतो, आणि डावा हात वाजवायचं सोडून नेक धरून बसतो. हलक्या खुंट्या लावून थोडं सुधारतं. तारांमधलं अंतर ब्रिजपाशी 19 मिलिमीटर असेल तर स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) सोपं, 17 च्या आसपास असेल तर बोटांनी वाजवणाऱ्या लहान हाताला सोयीचं. एकूण वजन चार किलोच्या आत ठेवा.

प्रश्न (वेंगुर्ले) : मागच्या वर्षी बाहेरून मागवलेला कस्टम बेस मे महिन्यात लोण्यासारखा होता. जुलैत तारा फ्रेटवर घासून झणझणायला लागल्या. नेक खराब निघाला का?

उत्तर : बहुधा नाही. नेकने पाणी घेतलंय. गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, किनाऱ्यावर पावसाळ्यात घरातही 85 च्या वर सहज जाते. नेक पुढे वाकेल की मागे, हे त्या लाकडाच्या रेषांवर ठरतं, म्हणून आधी मापा आणि मगच पाना हातात घ्या.

बेस सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर तीच ई तार दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत फट किती ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पाहा. 0.3 मिलिमीटरच्या आसपास हवी. गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड चालेल, ते अडकतही नाही आणि सैलही फिरत नाही अशी फट बरोबर. फट जवळपास शून्य आणि झणझण पहिल्या पाच फ्रेटवर, तर नेक मागे गेलाय : ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा. फट मोठी आणि तारा उंच, तर घड्याळाच्या दिशेने आवळा. झणझण फक्त बाराव्या फ्रेटच्या पुढे असेल तर रॉडला हात लावू नका, ब्रिजवरचे सॅडल (प्रत्येक तारेखालचे छोटे आधार) उचला. एकाच फ्रेटवर असेल तर तो फ्रेट वर आलाय, ते कारागिराचं काम.

एका वेळी पाव आट्याहून जास्त नाही. आवळण्यापूर्वी तारा थोड्या सैल सोडा, मग परत सुरात लावून काही तास थांबा आणि पुन्हा मापा. पाना अगदी मापाचा हवा, अमेरिकन बेसना कित्येकदा इंचाच्या मापाचा लागतो. त्यात मिलिमीटरचा जवळपासचा पाना घालून जोर लावला की रॉडच्या नटची कड गोल होते आणि मग नेकच उघडायची पाळी येते. रॉडचा नट फिरतच नसेल तर तिथेच थांबा.

केसमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण तो खरं बोलतो का ते आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दाखवायला हवं. 80 दाखवलं तर तुमचा मापक पाचने जास्त सांगतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

हार्ड केसमध्ये पाव किलो नारिंगी सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा. रंग उतरला की मंद आचेवर जुन्या कढईत परतून घ्या (ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको). तांदळाची पुरचुंडी ठेवतात त्याचा उपयोग नाही. एसी खोलीतून काढलेला बेस थेट दमट मांडवात उघडू नका, धातूवर दव धरतं. केस बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. उलट त्रास एप्रिल-मेमध्ये आंबा घाट चढून कोल्हापूरकडे कार्यक्रमाला गेलात की होतो. फिंगरबोर्ड सुकून आक्रसतो आणि फ्रेटची टोकं बाजूने बोचायला लागतात.

नवा बेस अजून मागवायचा असेल त्यांनी नेकमध्ये कार्बनच्या दोन पट्ट्या घालून मागाव्यात, आणि नेकला नुसत्या तेलाऐवजी पॉलिश मागावं. मोड्युलस, स्टेटस, झॉन या कंपन्यांनी तर कार्बन ग्राफाइटचेच नेक केले. ते पाणी पीत नाहीत. फक्त जुन्या मोड्युलसला ट्रस रॉडच नव्हता हे सेकंडहँड घेताना विसरू नका : असेल तो बाक कायमचा.

प्रश्न (मालवण) : तारा महिन्याभरात गंजतात. कोणत्या लावाव्यात?

उत्तर : निकेलच्या साध्या तारांपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या टिकतात, पण आवाज कडक आणि साधे फ्रेट लवकर झिजतात. म्हणून कस्टम बेस करून घेताना फ्रेटही स्टेनलेसचे सांगा. आवरण असलेल्या तारा महाग, पण समुद्राकाठी त्यांची किंमत वसूल होते. चमक थोडी कमी, एवढंच. वाजवून झाल्यावर सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. गंज खालच्या बाजूने सुरू होतो.

तारांपेक्षा ब्रिजच्या बारीक स्क्रूंची काळजी जास्त करा. ते एकदा जाम झाले की उंची बदलता येत नाही. पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाला शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. सोनेरी मुलामा असलेलं हार्डवेअर किनाऱ्यावर घेऊच नका.

प्रश्न (सावंतवाडी) : इथल्या सुताराकडून शिसव किंवा फणसाच्या लाकडात कस्टम बेस करून घेता येईल का?

उत्तर : बॉडी हो, नेक नको. फणसाचं लाकूड वीणेला आणि मृदंगाला चालतं, बेसच्या बॉडीलाही चालेल. मात्र ते पुरतं मुरलेलं हवं. जुन्या घराच्या तुळया, दारं सर्वांत उत्तम, रंधा मारण्यापूर्वी आतले खिळे शोधून काढा. जाडी 45 मिलिमीटर. सागाचा मोह आवरा : अल्डरची बॉडी सव्वादोन किलोची असेल तर तेवढीच सागाची तीन किलोच्या पुढे जाते. शिवाय साग तेलकट असतो, चिकटवण्याच्या जागा ॲसिटोनने पुसून लगेच सरस लावला नाही तर सांधा उघडतो.

शिसवीची जागा फिंगरबोर्डला. जगभरच्या कारखान्यांत भारतीय शिसव त्यासाठीच जाते. 2017 मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन शिसव मात्र 1992 पासून कडक यादीत आहे, तसा जुना बेस परदेशातून मागवायच्या भानगडीत पडू नका. नेक तयार विकत घ्या आणि त्याच्या टाचेच्या मापाने बॉडीत खाच करून घ्या. खाच इतकी घट्ट हवी की स्क्रू न लावता बॉडी उचलली तरी नेक गळून पडत नाही.

प्रश्न (गुहागर) : मांडवात बेस लावला की घूंऽऽ आवाज येतो. तारांना हात लावला की थांबतो. बेस बिघडला का?

उत्तर : हात लावल्यावर थांबतो म्हणजे बेसचं अर्थिंग जोडलेलं आहे, आतलं शील्डिंग (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं आवरण) कमी पडतंय. पिकअपच्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा, आणि एलईडी माळांचे अडॅप्टर ॲम्पच्या बोर्डापासून वेगळे करा. जॅझ बेसच्या दोन्ही पिकअपचे आवाजाचे नॉब पूर्ण चढवले की घूं बरीच मरते.

हात लावल्यावर आवाज वाढत असेल किंवा माइकला ओठ लागताच झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा. मांडवाचं अर्थिंग तुटलंय. घूं घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाकणारे भेटतात, ओल्या जमिनीवर तो खेळ जिवावर बेततो. मांडववाल्याच्या वायरमनला टेस्टर घेऊन बोलवा आणि अर्थिंग जोडून झाल्याशिवाय केबल लावू नका.