फोन विकल्याने मुलगा मैदानावर येत नाही

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा नववी संपवून दहावीत चाललाय, सुट्टी लागल्यापासून दिवसभर कॉटवर लोळत मोबाईलवर गेम, वजन वाढलंय, फोन काढून घेतला की अंगावर येतो. मिस्टर म्हणतात फोन विकून टाकू, जाऊबाई म्हणतात पोरगं व्यसनी झालं. मी बरीच वर्षं सोलापुरात शाळकरी पोरांना खो-खो शिकवतोय, त्या अनुभवावरून सांगतो: फोन विकू नका, निदान आत्ता तरी नको.

आधी व्यसनाचं. नुसते तास मोजून ते ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळणं थांबवायचं म्हटलं तरी थांबवता येत नाही, जेवण-अभ्यास-मित्र सगळ्यांच्या आधी गेम येतो, आणि नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. हे साधारण वर्षभर टिकलं आणि शाळा, घर, नाती त्यापायी बिघडली तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. एका सुट्टीवरून पोराला व्यसनी ठरवू नका, आणि त्याच्यासमोर तर तो शब्द अजिबात काढू नका.

अंगावर येण्याबद्दल एक सांगतो. यातले बरेच गेम चौघांची टीम करून खेळतात. एक मॅच वीस-पंचवीस मिनिटं चालते आणि मधेच उठलं की उरलेले तिघं हेडफोनमधून शिव्या घालतात. तुम्ही नेमका मधेच फोन ओढता. त्यापेक्षा “ही मॅच संपली की ठेव, दुसरी लावायची नाही” असं आधीच ठरवा. मिनिटांपेक्षा मॅचचा हिशोब पोरं जास्त पाळतात. तरीही रोज तोच तमाशा होत असेल, तर मात्र वरच्या तीन गोष्टी लक्ष देऊन बघायला लागा.

आता मैदानाचं. मोबाईलने मैदानं ओस पाडली असं सगळे म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. जगभरातल्या 11 ते 17 वयाच्या मुलामुलींचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात 2016 साली 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. पण 2001 मध्ये, पोरांच्या हातात स्मार्टफोन आलाही नव्हता तेव्हा, मुलग्यांचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास आणि मुलींचं त्याहून जास्त होतं. म्हणजे संध्याकाळ आधीच रिकामी झाली होती. क्लासेस वाढले, गल्लीत गाड्या लागल्या, मोकळ्या प्लॉटवर घरं उठली, आणि त्या रिकाम्या वेळेत फोन येऊन बसला. आता तो पोरांना उठू देत नाही हेही खरं. गेममध्ये रोज लॉगिन केल्याचं बक्षीस असतं, बक्षिसाच्या पेटीतून कधी काय निघेल ते कळत नाही, व्हिडिओ आपोआप पुढचा लागतो. माणूस उठू नये म्हणूनच हे सगळं केलेलं असतं. पण फोन नुसता काढलात तर पोरगं टीव्हीसमोर बसेल, नाहीतर मित्राकडे जाऊन त्याच्या फोनवर खेळेल.

खो-खोत पाटीवर, म्हणजे मैदानात आखलेल्या चौकोनात, बसावं लागतं, उकिडवं, पायावर भार देऊन, खो मिळताच उठता येईल असं. हल्ली नवीन पोरगं आलं की मी आधी तेवढंच बसायला सांगतो. टाचा उचलल्या जातात, हात जमिनीला टेकतात, मिनिटभरात मागे कलंडतं. वजन कमी असलेल्या पोरांचंही हेच. कंबर आणि घोटे आखडलेले असतात. अशा पोराला पहिल्याच दिवशी ‘ग्राउंडला चार राउंड मार’ म्हटलं की ते परत येत नाही. पहिले काही दिवस पाय भयंकर दुखतात, तो काळ निघेपर्यंत सोबत कुणीतरी लागतं.

म्हणून ताई, सल्ला एवढाच: ठरलेली वेळ आणि सोबत चार पोरं. एकट्याला चालायला पाठवू नका, दोन दिवसांत बंद पडेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 च्या वर जातो, दुपारी बाहेर काढणं धोक्याचं आहे. सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर ऊन उतरल्यावर. जुळे सोलापुरात राहता तर संभाजी तलावाकडे सकाळी बरीच माणसं फिरायला असतात, मिस्टरांनाच त्याच्याबरोबर पाठवा. फोन विकण्यापेक्षा ते जड जाईल, पण उपयोग त्याचाच होईल. पुढे गणपतीच्या आधी मंडळांचा लेझीमचा सराव सुरू होतो, त्यात घाला. तासभर लेझीम खेळलेलं पोरगं घामाने निथळतं आणि रात्री आडवं होताच झोपतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी बादल्या-घागरी भरायला त्यालाच लावा, तीही हालचालच आहे. या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, ती एकाच वेळी झाली पाहिजे असं नाही.

रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचा, तुमचाही. रात्री दोनपर्यंत जागलेलं पोरगं सकाळी सहाला मैदानावर येणं शक्यच नाही, बाकी सगळं इथेच फिसकटतं.

तुम्ही धाकट्या मुलीचा ओझरता उल्लेख केलात, ती शांत बसून व्हिडिओ बघते म्हणून. तिच्याकडे आधी लक्ष द्या. मुलगी त्रास देत नाही म्हणून तिचं बसणं कुणाला दिसत नाही, आणि तिला मैदानावर आपण पाठवतही नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. गेममध्ये पैसे लावले जातायत का, वडिलांच्या खात्यातून बारीक रकमा गेल्यात का, ते आजच तपासा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केलाय, तरी पोरांपर्यंत लिंक पोचतात. पैसे गेले असतील, किंवा पोरगं जेवण सोडतंय, शाळा बुडवतंय, जिवाचं बरंवाईट करीन म्हणतंय, तर व्यायामाने भागणार नाही. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा आधी 14416 वर फोन लावा, ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं.

तो कुठला गेम खेळतो, आणि टीममधली पोरं शाळेतली आहेत की अनोळखी, तेवढं विचारून इथे लिहा. शाळेतली असतील तर त्या चौघांनाच एकत्र मैदानावर आणता येईल.