जपान एअरलाइन्सचं ते जंबो जेट खरंच पनवती होतं का?

तुम्ही विचारलंय की १९८५ साली कोसळलेलं जपान एअरलाइन्सचं विमान म्हणे आधीपासूनच अपशकुनी होतं, त्याला पूर्वी दोनदा अपघात झाले होते, आणि शेवटी ते पडलं नाही तर लष्कराने पाडलं. यात खरं किती?

मी सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये ३४ वर्षं विमानाच्या पत्र्याचं काम केलं. शीट मेटल शॉप म्हणतात त्याला. त्यामुळे माझं उत्तर पत्र्याच्या बाजूने झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा पनवतीचं. प्रत्येक हँगरमध्ये असं एक विमान असतंच. आम्ही विमानाचं पूर्ण नाव कधी घेत नसू, नोंदणीची शेवटची दोन अक्षरं बोलायचो. त्यातलं एक असं होतं की चार तासांचं काम काढलं तर दोन दिवस बाहेर पडायचं नाही. एक पॅनल उघडावं तर आत तिसरंच काहीतरी निघायचं. आमच्यातला एक सीनियर दर शनिवारी ते ओढणाऱ्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधायचा. विमानाला नाही, कारण क्वालिटीवाले बोंब मारतील! ते विमान पुढे व्यवस्थित उडालं, म्हातारं झालं आणि भंगारात गेलं. म्हणून एखाद्या विमानाला 'नशीब' असतं असं कुणी म्हणालं की मी त्याचं लॉगबुक मागतो.

जपानच्या त्या विमानाचं लॉगबुक मात्र खरंच वाचण्यासारखं आहे. नोंदणी जेए ८११९, बोइंग ७४७ एसआर. एसआर म्हणजे जपानच्या देशांतर्गत वाहतुकीसाठी बनवलेलं जंबो: छोटी अंतरं, पाचशेच्या वर माणसं आणि दिवसातून अनेक फेऱ्या. १९७४ साली ते कंपनीत आलं.

अफवेतले दोन्ही जुने अपघात खरे आहेत. २ जून १९७८ ला ओसाकाच्या इतामी विमानतळावर उतरताना त्याचं नाक जास्त वर राहिलं आणि शेपटीचा खालचा भाग धावपट्टीवर घासला. २५ माणसं जखमी झाली. दुसरा १९८२ च्या ऑगस्टमधला, होक्काइदोतल्या चितोसेचा. तिथे उतरताना उजवीकडचं शेवटचं इंजिन धावपट्टीला टेकलं. या दुसऱ्याचा पुढच्या घटनेशी काडीचाही संबंध नाही, पण अफवेला दोन आकडा बरा वाटतो. मागच्या टॉयलेटचं दार नीट लागत नव्हतं, तेव्हाच कळायला हवं होतं, असंही रंगवून सांगतात. अहो, विमानातल्या टॉयलेटची दारं जन्मभर अडतात. त्यावरून भविष्य सांगायचं तर सगळी विमानं जमिनीवरच ठेवावी लागतील.

खरी गोष्ट ओसाकाच्या त्या घासण्यात आहे, आणि त्याहून जास्त तिच्या दुरुस्तीत.

प्रवाशांची केबिन जिथे संपते तिथे, मागच्या टॉयलेटच्या पाठीमागे, अॅल्युमिनियमची एक मोठी घुमटाकार भिंत असते. प्रेशर बल्कहेड. तिच्या पुढे दाबाखालची हवा, मागे बाहेरच्यासारखी विरळ. प्रत्येक उड्डाणात ती एकदा ताणली जाते आणि खाली उतरलं की सैल पडते. दिवसातून पाच-सहा फेऱ्या मारणाऱ्या विमानात तिचे काय हाल होत असतील, याचा अंदाज करा.

घासण्याने या भिंतीचा खालचा अर्धा भाग खराब झाला होता. बोइंगचीच माणसं जपानला आली आणि टोकियोच्या हानेदा विमानतळावर त्यांनी नवा अर्धा भाग बसवला. जुना वरचा आणि नवा खालचा पत्रा जोडताना एका पट्ट्यात रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांची, भोकं कडेच्या फार जवळ आली. आमच्याकडे नियमच आहे: रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट जागा हवी, नाहीतर कड फाटते. त्यावर बोइंगच्या इंजिनिअरांनी उपाय दिला की दोन्ही पत्र्यांच्या मध्ये एक अखंड पट्टी घाला आणि तिच्यातून रिव्हेटच्या तीन ओळी मारा. अगदी योग्य उपाय. मीही हाच दिला असता.

प्रत्यक्ष काम करताना ती पट्टी अखंड बसवली गेली नाही. कापून दोन तुकडे झाले. वरच्या ओळीखाली एक तुकडा, खालच्या दोन ओळींखाली दुसरा.

हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून शर्टाचं उदाहरण घेतो. फाटलेल्या जागी आतून ठिगळ लावून तुम्ही वरून तीन शिलाया मारल्या. पण ठिगळच मध्ये कापलेलं असेल, तर वरच्या शिलाईने फक्त एक सुटा तुकडा शर्टाला शिवला. फाट धरून ठेवायला उरली मधली एकच शिलाई. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही दिसतात. त्या भिंतीवर हेच झालं. सगळा जोर मधल्या एका ओळीवर आला, आणि जोडाची ताकद जेवढी हवी होती तिच्या साधारण ७० टक्के राहिली. वर कडेला सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, भरलेला, त्यामुळे तपासणाऱ्याला तुकड्यांमधली फट दिसायची सोय नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला माझं उमेदवारीचं पहिलं वर्ष आठवलं. कार्गो दाराजवळच्या एका पॅचला मी दोन भोकं कडेला मारली होती. कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून घाईघाईत रिव्हेट ठोकून वर प्रायमर मारून टाकला. आमच्या फोरमनने पॅचवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काढ सगळं." पूर्ण ओळ ड्रिल करून काढली, पॅच फेकला, नवा कापला. रात्री साडेअकराला घरी पोचलो, आई जेवायची थांबली होती. त्या रात्री फोरमनला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

हानेदात असा अंगठा फिरवून काही कळण्यासारखं नव्हतं, कारण चूक आतल्या थरात होती.

दुरुस्तीनंतर ते विमान १२,३१९ वेळा उडालं. सात वर्षं रोजच्या रोज त्या एका ओळीतल्या भोकांच्या कडेने केसाएवढ्या चिरा वाढत गेल्या. १२ ऑगस्ट १९८५ ला, ओबोनच्या सणाच्या गर्दीत, ५२४ माणसं घेऊन ते संध्याकाळी ६:१२ ला हानेदाहून ओसाकासाठी निघालं. १२ मिनिटांनी भिंत फाटली. आतली हवा शेपटीत घुसली, तिने शेपटाचा उभा पंख उडवला आणि त्याच्याबरोबर चारही हायड्रॉलिक लाइन, म्हणजे तेलाच्या दाबाने सुकाणू हलवणाऱ्या नळ्या, तुटल्या. म्हणजे सुकाणू गेलं, पंखांवरचा ताबाही गेला. पायलटांच्या हातात राहिलं फक्त इंजिनांचं कमी-जास्त करणं. तेवढ्यावर त्यांनी ते धूड ३२ मिनिटं हवेत ठेवलं. ६:५६ ला ते गुन्मा प्रांतातल्या डोंगरात आदळलं. ५२० माणसं गेली, चार वाचल्या, चौघीही बायका-मुली. एकाच विमानाच्या अपघातात एवढी माणसं आजवर दुसरीकडे कुठेही गेलेली नाहीत.

आता क्षेपणास्त्राचं. ही अफवा कुठून आली ते समजण्यासारखं आहे. शेपटाचे तुकडे सागामीच्या खाडीत सापडले आणि विमान मात्र दूर डोंगरात. मग लोक म्हणायला लागले की समुद्रावर स्वसंरक्षण दलाच्या, म्हणजे जपानी लष्कराच्या, सरावातलं क्षेपणास्त्र लागलं. पण क्षेपणास्त्र सात वर्षं जुनी चीर पाडू शकत नाही. धातू थकून तुटतो तेव्हा त्याच्या तोंडावर बारीक रेघा राहतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बघता येतात, आणि त्या भिंतीच्या जोडावर त्या सापडल्या. बोइंगने तर त्याच सप्टेंबरमध्ये दुरुस्ती चुकल्याचं कबूल केलं. चौकशी अहवाल १९८७ च्या जूनमध्ये आला.

तरी अफवा मेली नाही, आणि याबद्दल मी लोकांना वेड्यात काढणार नाही. अमेरिकेच्या एका सी-१३० या लष्करी मालवाहू विमानाने संध्याकाळीच जागा शोधली होती. जपानी बचावपथकं तिथे पोचली दुसऱ्या दिवशी सकाळी. वाचलेल्यांपैकी एक त्याच कंपनीची कर्मचारी होती, त्या दिवशी सुट्टीवर प्रवास करत होती. आपल्याबरोबर आणखीही काही माणसं जिवंत होती, त्यांचे आवाज येत होते, असं तिने सांगितलं. ज्यांची माणसं त्या डोंगरात रात्रभर पडून होती, त्यांना रिव्हेटची ओळ दाखवून समाधान कसं होणार? २०११ साली जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कुटुंबांसाठी सोप्या भाषेत वेगळं स्पष्टीकरण काढलं. त्यानंतरही नातेवाईक कॉकपिटमधलं मूळ ध्वनिमुद्रण मागत कोर्टात गेले. टोकियोच्या न्यायालयाने २०२२ मध्ये दावा फेटाळला. ध्वनिमुद्रण ऐकायला दिलं असतं तर बरं झालं असतं, असं माझं मत.

आपल्याकडेही हेच बघितलंय. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. पहिल्यांदा काय बोललं गेलं? बॉम्ब. निघालं काय, तर कॅप्टनसमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण बिघडलं होतं, आणि बाहेर समुद्रावर मिट्ट काळोख.

दुरुस्त केलेल्या विमानात बसू नये का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तसं ठरवलंत तर तुम्हाला ट्रेनच पकडावी लागेल. तैवानच्या चायना एअरलाइन्सचं एक ७४७ असंच १९८० मध्ये हाँगकाँगला शेपूट घासून आलं आणि चुकीच्या पॅचवर २२ वर्षं उडून २००२ मध्ये फुटलं. २२५ माणसं गेली. ही दोन उदाहरणं सगळ्या जगाला माहीत आहेत, कारण नीट बसलेल्या लाखो पॅचची बातमी होत नाही. पुढच्या वेळी शिडीवरून चढाल तेव्हा दाराच्या चौकटीखाली बघा. केटरिंगच्या गाड्या आणि शिड्या तिथे रोज आपटतात. गोल कोपऱ्यांचा एखादा जादा पत्रा बसवलेला दिसेल, त्याच्या कडेने रिव्हेटच्या ओळी. मी अजूनही त्यावरून अंगठा फिरवतो. मागचे प्रवासी खोळंबतात आणि बायको दंडाला धरून आत ओढते.